घडी मोडली

जळगावात साडीच्या कुठल्याही दुकानात जा. गादीवर बसवतात, पाण्याचा ग्लास पुढे करतात आणि पहिला प्रश्न विचारतात, "ताई, नेसायची दाखवू का देण्याघेण्याची?"

रंग विचारत नाहीत, काठ विचारत नाहीत. आधी हे. नेसायची म्हटलं की दुकानदाराचा हात वरच्या फळीकडे जातो. घड्या अलगद उलगडतो, पदर स्वतःच्या खांद्यावर टाकून दाखवतो. देण्याघेण्याची म्हटलं की खालून एक गठ्ठा ओढतो आणि आपल्यासमोर आपटतो. घ्या, काय निवडायचंय त्यात! त्या साड्या कोणी नेसण्यासाठी विणलेल्याच नसतात. लग्नात विहिणीच्या मावशीला दिली, मावशीने भाचीच्या बारशात जावेला दिली, जावेने आणखी कोणाला तरी खपवली. दुकानातली घडी दुकानातल्यासारखीच राहते आणि साडी अख्खा जिल्हा हिंडून येते.

मला हे नीट ठाऊक आहे, कारण मी घरी फॉल-पिकोचं काम करते. साडीच्या खालच्या काठाला आतून पट्टी लावतात, तो फॉल. माझ्याकडे आजवर हजारांनी साड्या आल्या असतील, पण देण्याघेण्याची साडी कोणी फॉल लावायला आणत नाही. कशाला आणतील? जी नेसायचीच नाही तिला फॉल कशाला? साडीला फॉल लागला म्हणजे ती कोणाच्या तरी अंगावर जाणार हे ठरलं. त्या साडीला मालकीण मिळाली. एवढं सरळ आहे ते, आणि एवढ्या सरळ गोष्टीने यंदाच्या वैशाखात माझी जिरवली.

आधी माझं घर सांगते. माहेर सोनगीरजवळचं, आता भाऊ धुळ्यात बंगला बांधून राहतो. सासर जळगावचं. नवरा नोकरीतून निवृत्त, मुलगा-सून कामाला जातात. माझं शिलाईचं मशीन मागच्या गॅलरीत आहे, कूलरच्या पाठीमागे. जळगावचा उन्हाळा ज्याने सोसलाय त्याला याचा अर्थ सांगायला नको. कूलरचं तोंड घरात आणि पाठ माझ्याकडे. घरातले सगळे गार वाऱ्यात बसतात, आणि मला मिळतो पंख्याचा घरघराट आणि ओल्या गवताचा वास. बादलीने त्यात पाणी मीच भरते. लग्न होऊन आले त्या वर्षी नवरा म्हणाला होता, "मशीन कुठे ठेवायचं गं?" मी म्हटलं होतं, "ठेवा कुठेही. मला काय, काहीही चालतं."

हे वाक्य मला आईने पाजलं. आमच्या घरी कोणी पाहुणे आले, कोणी काही देऊ केलं, की आई मागून चिमटा काढायची. मग मी म्हणायचे, "माले काय, काही बी चाली." पाहुणे खूश. 'किती गुणाची पोर शे!' भाऊ धाकटा. त्याला मात्र निळाच सदरा लागायचा, तोही खिशावर बटण असलेला, नाहीतर अंगणात लोळण. त्याच्या लोळणीचं कौतुक आणि माझ्या गप्प बसण्याचंही कौतुक. मला वाटायचं, दोन्ही कौतुकं सारखीच. हट्ट करणाऱ्याला निळा सदरा मिळतो आणि न करणाऱ्याला नुसती शाबासकी, हे कळायला मला साठी गाठावी लागली. मेली शाबासकी! अंगावर घालता येते का?

संक्रांतीच्या सुमारास आमच्या कॉलनीतल्या महिला मंडळाने हळदीकुंकवाला एक बाई बोलावल्या होत्या. विषय होता, आत्मसन्मान. बाई छान होत्या, आवाज गोड, साडी तर काय, बघत राहावी. त्यांनी सांगितलं, रोज सकाळी आरशासमोर उभं राहायचं आणि म्हणायचं, मी मौल्यवान आहे. आम्ही सगळ्या जणींनी हात वर करून एका सुरात म्हटलं, मी मौल्यवान आहे. मग वाण म्हणून प्रत्येकीला प्लास्टिकची चाळणी मिळाली आणि सगळ्या मौल्यवान बायका रिक्षा शोधत घरी आल्या.

मी नाही म्हणत त्यांचं चुकीचं होतं. घरी येऊन मी बाथरूमच्या आरशात बघून म्हणूनही पाहिलं. कोणी ऐकत नाही ना हे आधी बघितलं, मग म्हटलं. आरशाला काय, तो कोणालाही नाही म्हणत नाही. पण माझी अडचण आरशाशी कधी नव्हतीच. माझी अडचण माणसांशी होती. आपण स्वतःला कितीही मोलाचं म्हणा, समोरच्याने आपल्याला बघितल्याबरोबर खालचा गठ्ठा ओढला तर काय करायचं, ते त्या बाईंनी काही सांगितलं नाही.

दोन-तीन वर्षांमागे भावाने धुळ्यात बंगला बांधला, त्याची वास्तुशांत होती. भावजयीसाठी साडी घ्यायला मी दुकानात गेले. दुकानदाराने नेहमीचा प्रश्न विचारला आणि मी जोरात म्हणाले, "नेसायची!" त्या दिवशी मला फार थोर वाटत होतं. वरच्या फळीवरची वांगी रंगाची साडी काढायला लावली. आमच्या जळगावच्या भरिताच्या वांग्याचा नाही हो, तो हिरवा. हा गडद जांभळा, त्याला मोरपंखी काठ. घरी आणली, दारं लावून एकदा स्वतःच्या खांद्यावर टाकून बघितली. मला शोभली. म्हटलं, नको गं बाई, भावजयीची आहे. घडी केली.

मग त्या साडीला मी हाताने फॉल लावला. मशीनने लावला की काठ चुणतो. मोरपंखी दोऱ्याचं रीळ होतं ते शेवटी शेवटी संपलं. बाजारात जायला वेळ नव्हता, म्हणून टोकाची वीतभर शिवण तांबड्या दोऱ्याने घातली. निऱ्यांच्या आतल्या बाजूला जाते ती, बाहेरून दिसत नाही. भावजयीच्या हातात साडी दिली तेव्हा म्हटलं, "फॉल मीच लावला आहे, उद्यापासून नेस." तिने कपाळाला लावली. नंतर फोनवर एकदा विचारलं, "नेसली का गं ती?" ती म्हणाली, "भारीनी शे ना अक्का, जपी ठेयेल शे." भारीची आहे म्हणून जपून ठेवलीय म्हणे. मला काय आनंद झाला होता तेव्हा!

यंदा भावाच्या एकुलत्या एका मुलाचं लग्न निघालं. मी नवरदेवाची आत्या. आमच्याकडे आत्याला फुई म्हणतात, आणि लग्नात फुईचा मान मोठा असतो. हळद लावायला फुई पुढे, ओवाळायला फुई पुढे. मला त्या मानातलं काही नको होतं. मला एकच हवं होतं, आणि ते मी इथे उघड सांगते, कारण तेव्हा कोणालाच सांगितलं नव्हतं. माझ्या भावाने मला नेसायची साडी द्यावी. महागातली नको. पण दुकानात जाऊन, 'अक्काला काय शोभेल' असा एवढासा विचार करून घेतलेली. आयुष्यभर त्या घरून मला मिळालं ते गठ्ठ्यातलं. दिवाळीला गठ्ठ्यातली, राखीला गठ्ठ्यातली, माझ्या मुलाच्या लग्नात भावाने माहेरचा आहेर आणला तोसुद्धा गठ्ठ्यातला. मी त्यातल्या बऱ्याचशा पुढे ढकलल्या, दुसरं काय करणार. या खेपेला मात्र मनाने घेतलं होतं. एकच भाऊ, आणि त्याच्या घरचं एकच लग्नकार्य. आता नाही तर कधी?

नवऱ्याला नुसतं एवढंच म्हटलं, "बघू या भाऊ काय देतो." तो पेपरातून डोकं न काढता म्हणाला, "तुला कधीपासून काही लागायला लागलं?" म्हणजे बघा.

मांडवाच्या दिवशी आम्ही धुळ्याला पोचलो. ऊन असं की मांडवाचं कापडही तापलं होतं. वरण-बट्टी आणि घोटलेल्या वांग्याच्या भाजीचा वास गल्लीच्या तोंडापर्यंत येत होता. दुपारी आहेर सुरू झाले. एका खुर्चीवर पाहुण्याला बसवायचं, कुंकू लावायचं, पुरुषाला टॉवेल-टोपी, बाईला साडी. भावजयीच्या दोन्ही बहिणींना साड्या दिल्या. एकीला अंजिरी, एकीला लिंबोळी रंगाची. दोन्ही नेसायच्या. मला कळतं ना, मी रोज तेच हाताळते. बहिणी एकमेकींना म्हणत होत्या, तू सांगितलास तोच रंग आणला गं. सांगितला! त्यांना विचारलं होतं तर.

मग माझं नाव पुकारलं. मी जाऊन बसले. भावजयीने कुंकू लावलं, ओटी भरली, पिशवीतून साडी काढून माझ्या ओटीत ठेवली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "अक्का, हाई तुमले. फॉल बी लायेल शे, नेसाले तयार!"

फॉल! माय वं! फॉल लावलाय. म्हणजे नेसायची. म्हणजे कोणीतरी माझ्यासाठी दुकानात गेलं, साडी घेतली, फॉल लावून आणली, लग्नाच्या एवढ्या धबडग्यात. माझे डोळे भरून आले. इतके की रंग दिसायच्या आधी डोळ्यांपुढे धूसर झालं. मी पदराने डोळे पुसले आणि खाली बघितलं. वांगी रंग. मोरपंखी काठ.

तरी मन किती लबाड असतं पाहा. मला वाटलं, तसलीच दुसरी घेतली असेल. मी दिलेली आवडली म्हणून तशीच माझ्यासाठी आणली असेल. बोटं मात्र ऐकेनात. सवयीने ती काठाच्या आत गेली, टोकाशी, आणि काठ उलटा झाला. वीतभर तांबडा दोरा.

मला ती साडी परत आली याचं एवढं वाईट नाही वाटलं. साड्या फिरतातच. पण लक्षात ठेवून परत केली असती तर अपमान तरी झाला असता. अपमान करायलासुद्धा समोरचं माणूस आठवावं लागतं. इथे त्यांना आठवतच नव्हतं की ही मी दिली होती. मी हाताने लावलेला फॉल, आणि फॉल लावलाय हे मलाच कौतुकाने सांगत होते!

"आवडनी का अक्का?" भावजयीने विचारलं.

मी काही बोलायच्या आत शेजारी उभा असलेला भाऊ हसत म्हणाला, "अक्कानं काय, अक्काले काही बी चालस!"

प्रेमाने म्हणाला तो. खरंच प्रेमाने. चारचौघांत बहिणीचं कौतुक केलं. मागे आई असती तर तिनेही मान डोलावली असती. आणि मला एकदम दिसलं की माझ्या भावाला माझ्याबद्दल एवढीच एक गोष्ट ठाऊक आहे. मला कोणता रंग आवडतो, मी चहात साखर घेते का, मला रात्री झोप लागते का, काही नाही. अक्काला काहीही चालतं. पन्नास वर्षांत मी त्याला दुसरं काही कळूच दिलं नव्हतं का? मी तर म्हणते, त्यालाही डोळे होते की!

"नही चालस," मी म्हणाले. "माले नही चालस."

मांडवात हशा पिकला. "अक्का मजाक करी राहिनी!" भावजयीची बहीण म्हणाली. भाऊ तर टाळी द्यायला पुढे आला. मला जन्मात पहिल्यांदा नाही म्हणता आलं, आणि तो विनोद ठरला. मी भावजयीचा हात धरला, काठ उलटा केला आणि तांबडा दोरा तिला दाखवला. हळूच म्हटलं, तमाशा करायचा नव्हता, "हा माझा टाका आहे. ही साडी मीच तुला वास्तुशांतीला दिली होती."

तिने दोऱ्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. क्षणभर ओशाळली असावी, मग हसली. "हो का वं माय! मंग तं बेसच व्हयनं. घरनी साडी घरमा उनी!"

घरची साडी घरात आली. पुन्हा हशा. पुढच्या पाहुणीला खुर्चीवर बसवलं, कारण आहेर बराच बाकी होता.

मी जेवले. हो, जेवले. रुसून बसायलाही सवय लागते, आणि समजूत घालणारं कोणी लागतं. दुसऱ्या दिवशी नवरदेवाला हळद लावली, ओवाळलं, लग्न लागलं, फोटोत उभी राहिले. पोराचा काय दोष? मग पारोळा-एरंडोलवरून एसटीने घरी. वाटेत नवरा म्हणाला, "एवढ्याशा साडीवरून कशाला मनाला लावून घेतेस?" एवढीशी साडी. त्यांना एवढीशीच दिसते ती.

घरी आल्यावर सवयीप्रमाणे मी ती साडी देण्याघेण्याच्या कप्प्यात ठेवायला गेले. कपाट उघडलं. त्या कप्प्यात गठ्ठा होता, माहेरच्या, सासरच्या, कोणाकोणाच्या. वांगी साडी त्यावर ठेवली आणि हात थांबला. या सगळ्या गठ्ठ्यात तीच एक कोणीतरी मनापासून निवडलेली होती. वरच्या फळीवरून काढायला लावलेली, खांद्यावर टाकून पाहिलेली, हाताने फॉल लावलेली. आणि निवडणारी मी होते. आजवर मला आहेरात आलेली एकुलती एक नेसायची साडी, तीसुद्धा माझीच मला यावी? हसू आलं मला.

दुसऱ्या दिवशी आंघोळ करून मी तीच नेसले. ना सण, ना वार. नेसले आणि गॅलरीत कामाला बसले. मग उठले आणि मशीन ओढत घरात आणलं, कूलरच्या तोंडासमोर. नवरा म्हणाला, "अगं, वारा अडतोय." मी म्हटलं, "अडू दे." तो खुर्ची जरा सरकवून बसला. एवढंच लागत होतं तर!

सून कामाला निघाली होती. दारात थांबून म्हणाली, "आई, किती छान साडी! मामांनी दिली का?"

"नाही," मी म्हणाले. "मी घेतली."

आत्मसन्मान वगैरे मोठा शब्द आहे, मला तो तोंडात नीट बसत नाही. मला काही एका दिवसात आभाळ ठेंगणं झालं नाही. दुपारभर सुई चालवताना भावाचं ते वाक्य कानात घोळत राहिलं आणि मी दोनदा टाके उसवून पुन्हा घातले. राग गेला नव्हता. अजूनही गेलेला नाही.

संध्याकाळच्या चहाला फोन वाजला. भावजय. माझ्या मनात वेडी आशा आलीच, खोटं कशाला बोलू. म्हटलं, रात्रभर तिला झोप लागली नसेल. चुकलं म्हणेल. निदान, अक्का राग आला का, एवढं तरी विचारेल.

ती गोड आवाजात म्हणाली, "अक्का, घरी पोचल्या ना नीट? एक काम व्हतं. नव्या सुनेची मावशी परवा यी राहिनी, आणि तिच्याजोगती चांगली साडी उरलीच नही. ती वांगी रंगनी दी धाडा ना कोनासंगे. फॉल लायेल शे, बरी दिसी. तुमले तशी बी आवडनी नही ना. दिवाळीले तुमले दुसरी लिसूत."

मी कप खाली ठेवला. मांडीवरच्या निऱ्यांवर चहाचा एक थेंब सांडला होता, तो पुसला नाही.

"नही देता येवाव," मी म्हणाले. "घडी मोडी टाकी मी."

पलीकडे फोन कानाजवळून दूर नेल्याचा आवाज आला. मागून भावाने विचारलं, काय म्हणते अक्का? आणि माझी भावजय, आवाज खाली करून, खऱ्याखुऱ्या आश्चर्याने त्याला म्हणाली, "नेसी टाकी म्हने!"